शाळेचे आकडे आणि घराचा पत्ता

अमेरिकेत सरकारी शाळेचा प्रवेश बहुतांशी घराच्या पत्त्यावरून ठरतो. सरकारी शाळा म्हणजे तिथली ‘पब्लिक स्कूल’, जी करांच्या पैशावर चालते, फी घेत नाही आणि आपल्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाला दाखल करून घेण्यास बांधील असते. मेरीलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, फ्लॉरिडा या राज्यांत शाळांचा कारभार प्रायः काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याशी ढोबळमानाने जुळणाऱ्या प्रशासकीय घटकाच्या, पातळीवर चालतो. तिथले शाळा मंडळ प्रत्येक शाळेची हद्द नकाशावर आखून देते आणि त्या हद्दीत राहणाऱ्यांच्या मुलांना ती शाळा मिळते. न्यू जर्सीसारख्या राज्यात हाच अधिकार काउंटीकडे नसून गावोगावच्या स्वतंत्र ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’कडे असतो. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय पालक आधी राहण्याची जागा ठरवतो आणि मग फी, बोर्ड, माध्यम व अंतर यांचा मेळ घालत शाळा शोधतो; अमेरिकेत स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र हा क्रम उलटा करावा लागतो, आणि शाळेचे आकडे पाहून घर शोधण्याची रीत तीही लवकरच आत्मसात करतात.

या व्यवहाराकडे घरखरेदीचा एक टप्पा म्हणून पाहिले, तर त्यात तत्त्वज्ञानाला फारसे काम उरत नाही. परंतु त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत : या आकड्यांवरून पालकाला नेमके कशाचे ज्ञान होते, हा पहिला, आणि ते ज्ञान वापरून आपल्या मुलासाठी जागा मिळवताना दुसऱ्याच्या मुलाविषयी त्याचे काही कर्तव्य उरते का, हा दुसरा. पहिला प्रश्न प्रमाणविचाराचा आहे आणि दुसरा धर्मविचाराचा. मात्र पहिल्याचे उत्तर चुकले की दुसराही चुकीच्या रीतीने मांडला जातो, म्हणून सुरुवात आकड्यांपासूनच करणे योग्य ठरते.

हे आकडे आले कुठून? जानेवारी 2002 मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची सही झाली आणि तिसरी ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेत दरवर्षी, तसेच हायस्कूलमध्ये एकदा, वाचन व गणिताची चाचणी घेऊन शाळेगणिक निकाल जाहीर करणे राज्यांना बंधनकारक झाले. हे निकाल गरीब कुटुंबांतील मुले, निरनिराळ्या वंशगटांतील मुले, अपंग मुले आणि इंग्रजी नव्याने शिकणारी मुले यांच्यासाठी वेगवेगळे द्यावेत, अशी अटही त्यात होती, कारण शाळेची एकूण सरासरी बरी दिसत असताना तिच्या आड काही मुलांकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होत राहते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. 2015 च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ या कायद्याने शिक्षेची कलमे सैल केली, पण चाचण्या आणि प्रसिद्धी कायम ठेवली. ‘ग्रेटस्कूल्स’सारख्या संस्थांनी या सामग्रीतून 1 ते 10 असे गुणांकन तयार केले, आणि आज घरांच्या जाहिरातीत शयनगृहांच्या संख्येखालीच शाळेचे रेटिंग दिलेले असते. दुर्लक्षित मूल सरकारच्या नजरेस पडावे म्हणून केलेली ही मोजणी, ते मूल ज्या शाळेत आहे ती शाळा टाळण्यासाठी वापरली जाऊ लागली. सामाजिक धोरणांच्या इतिहासात हेतू आणि वापर यांची इतकी सरळ उलथापालथ फार थोड्या ठिकाणी आढळेल.

पालक या आकड्यांवरून जे अनुमान करतो ते असे असते : या शाळेची सरासरी उंच आहे, म्हणून येथे चांगले शिकवतात. न्यायदर्शनाने अशा अनुमानांची परीक्षा पूर्वीच करून ठेवली आहे. अनुमान व्याप्तीवर उभे असते, आणि व्याप्ती म्हणजे ज्यावरून अनुमान करायचे तो हेतू आणि जे सिद्ध करायचे ते साध्य यांचे कधीही न चुकणारे साहचर्य. धूर दिसला म्हणून आग आहे, हे अनुमान टिकते; पण आग आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते आणि धूर नसतो. धूर निघायला ओले सरपण लागते. नैयायिक या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात, आणि जे अनुमान उपाधीने ग्रस्त असते ते त्यांच्या मते अग्राह्य ठरते. सरासरीवरून शिकवण्याचा दर्जा काढणारे अनुमान याच जातीचे आहे. त्यातील उपाधी म्हणजे मुलांनी त्या शाळेत असताना, वर्षागणिक, केलेली प्रगती. ती असेल तर उंच सरासरीला अर्थ आहे, पण ती नसतानाही सरासरी उंच राहू शकते.

ती कशी उंच राहते, याचे उत्तर 1966 पासून उपलब्ध आहे. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन सरकारसाठी त्या वर्षी झालेल्या विस्तृत पाहणीत असे दिसून आले की, शाळाशाळांमधील साधनसामग्रीच्या फरकापेक्षा मुलाची कौटुंबिक पार्श्वभूमी त्याच्या गुणांशी अधिक घट्ट जोडलेली असते. आईवडिलांचे शिक्षण, उत्पन्न आणि शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी लाभलेली पाच वर्षे हे सर्व मूल स्वतःबरोबर वर्गात घेऊन येते आणि चाचणीच्या दिवशी ते सर्व शाळेच्या नावावर जमा होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शॉन रीअर्डन यांनी तिसरी ते आठवीच्या निकालांचा देशभर तुलनीय होईल असा संच तयार केल्यानंतर ही गोष्ट आणखी स्पष्ट झाली : सरासरी गुण आणि वर्षागणिक होणारी वाढ यांचा परस्परसंबंध क्षीण आहे. त्यांच्या विश्लेषणात शिकागो या गरिबीने ग्रासलेल्या आणि सरासरीत मागे असलेल्या शहरातील मुलांनी तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांइतकी प्रगती केलेली दिसली. सरासरीच्या रकान्यावर विसंबून घर शोधणाऱ्या पालकाच्या यादीत अशा शहराचे नाव पहिल्या चाळणीतच गळून पडले असते.

याशिवाय, ज्या आकड्यावर बरेच काही अवलंबून असते तो आकडा फुगवण्याकडे माणसांचा कल होतो. अटलांटा शहराच्या शाळांत उत्तरपत्रिका बदलल्याचे 2011 च्या चौकशीत उघड झाले आणि 2015 मध्ये अकरा शिक्षक व अधिकारी दोषी ठरले. मात्र हा दोष त्या मानाने किरकोळ आहे, कारण खोटेपणा पकडता येतो. प्रामाणिकपणे मोजलेला आणि चुकीच्या गोष्टीचा पुरावा म्हणून वाचलेला आकडा पकडता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. आकडे शाळेविषयी कमी आणि शेजाऱ्यांच्या उत्पन्नाविषयी अधिक सांगत असतील, तर त्यांच्या आधारे घर निवडणारा पालक शिक्षण निवडतो आहे की शेजारी? भारतीय धर्मविचारात सत्य, अहिंसा यांसारखे सर्वांना सारखेच लागू असणारे साधारण धर्म आणि विशिष्ट नात्यामुळे किंवा पदामुळे येणारे विशेष धर्म असा भेद केलेला आहे. पालकाने स्वतःच्या मुलाकडे अधिक लक्ष देणे हा विशेष धर्मच आहे, आणि जगातील सर्व मुलांचा सारखाच विचार करत आपल्या मुलाला वाऱ्यावर सोडणारा पालक कोणत्याही परंपरेत आदर्श मानला गेलेला नाही. तथापि, या विशेष धर्माची मर्यादा कोठे आहे याचे एक मार्मिक उदाहरण महाभारताच्या आदिपर्वाच्या प्रचलित पाठात येते. द्रोणाचार्य इतर शिष्यांना पाणी आणण्यासाठी अरुंद तोंडाचे कमंडलू देत आणि अश्वत्थाम्याला रुंद तोंडाचा कुंभ देत, त्यामुळे तो लवकर परते आणि मधल्या वेळात पित्याकडून अधिकची विद्या मिळवी. अर्जुनाच्या हे ध्यानात आल्यावर तो वारुणास्त्राने आपले भांडे भरून त्याच्याबरोबरच येऊ लागला. द्रोणांनी मुलाला अधिक शिकवले, हा येथे आक्षेपाचा विषय नाही, कारण ते पित्याला शोभणारेच होते. इतरांचा वेळ खर्ची पडावा अशी भांडी त्यांनी वाटली, यात अन्याय आहे.

इंग्लिश तत्त्वज्ञ ॲडम स्विफ्ट यांनी 2003 च्या आपल्या पुस्तकात आणि पुढे हॅरी ब्रिगहाउस यांच्यासह 2014 मध्ये मांडलेला विचार या भेदाच्या जवळ जातो. मुलाला झोपताना गोष्ट वाचून दाखवण्याने त्याला इतरांवर आघाडी मिळते, तरीही ते वाचन पालक-मूल नात्याचा गाभा असल्यामुळे त्यावर हरकत घेता येत नाही. पैशाने विकत घेतलेल्या शैक्षणिक आघाडीला मात्र हे संरक्षण मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. घराचा पत्ता या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी पडतो. सुरक्षित रस्ता, वर्गात नियमित येणारे शिक्षक, अपंग मुलासाठी लागणारी विशेष सोय यांसाठी केलेले स्थलांतर गोष्ट वाचण्याच्या बाजूला झुकते. 7 रेटिंगच्या शाळेऐवजी 9 रेटिंगची शाळा मिळावी म्हणून केलेले स्थलांतर दुसऱ्या बाजूला झुकते, कारण त्यात मुलाला काय शिकायला मिळेल यापेक्षा ते कोणाच्या पुढे राहील याचा हिशेब अधिक असतो. अर्थशास्त्रज्ञ फ्रेड हर्श यांनी 1976 मध्ये अशा वस्तूंना स्थानसापेक्ष म्हटले, म्हणजे ज्यांचे मूल्य त्या दुसऱ्याकडे नसण्यावर अवलंबून असते.

या जागांना किंमतही आहे. सँड्रा ब्लॅक यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॅसॅच्युसेट्स राज्यातील शाळाहद्दीच्या अल्याड-पल्याडची घरे पडताळून पाहिली, तेव्हा 5 टक्के अधिक गुणांसाठी पालक घराचे सुमारे 2.5 टक्के अधिक दाम मोजतात, असे आढळले. फी नसलेल्या शाळेची फी अशा प्रकारे घराच्या किमतीत भरली जाते, आणि जो ती भरू शकत नाही तो हद्दीबाहेर राहतो. 2011 मध्ये ओहायो राज्यात एका आईने आपल्या वडिलांचा पत्ता देऊन मुलींना शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये घातल्याबद्दल नऊ दिवस तुरुंगवास भोगला. तिने केलेले अनुमान आणि भरपूर कर्ज काढून त्याच हद्दीत घर घेणाऱ्याचे अनुमान अगदी एकच होते. तिने खोटा पत्ता दिला, हे खरे आहे. परंतु सत्य हा साधारण धर्म पाळणे एकाला कर्जाच्या पात्रतेमुळे सोपे जाते आणि दुसऱ्याला जात नाही, या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून तिचा निवाडा करता येणार नाही.

यावर असे म्हणता येईल की, मग परिसराने काहीच फरक पडत नाही असे मानावे काय? तसे मानणेही चूक ठरेल. 1994 पासून बॉल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत सरकारने केलेल्या प्रयोगात अत्यंत गरीब वस्त्यांतील काही कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून कमी गरिबीच्या भागात जाण्यासाठी भाड्याची मदत देण्यात आली. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवून दिले की, वयाची तेरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी ज्या मुलांचे असे स्थलांतर झाले त्यांचे तरुणपणीचे उत्पन्न सुमारे 31 टक्क्यांनी वाढले. हा पुरावा भक्कम आहे, पण तो कोणाचा आहे हे विसरता कामा नये : गरिबीने वेढलेल्या वस्तीतून बाहेर पडलेल्या मुलांचा. एका सुस्थित उपनगरातून त्याहून सुस्थित उपनगरात जाणाऱ्या अभियंत्याच्या मुलाला तो जसाच्या तसा लागू करणे म्हणजे व्याप्ती न तपासता केलेले आणखी एक अनुमान होय.

मात्र पत्ता निवडण्यात नैतिक पेच जेवढा आहे, त्याहून अधिक तो पत्ता निवडल्यानंतर, शाळांच्या हद्दी बदलण्याची वेळ आली की येतो. नॉर्थ कॅरोलिनातील वेक काउंटी हे त्याचे बोलके उदाहरण आहे, आणि तिथल्या कॅरी, मॉरिसव्हिल या गावांत अनेक मराठी कुटुंबे राहत असल्याने ते मराठी वाचकाला परकेही नाही. 1976 मध्ये रॅले शहर आणि भोवतालची काउंटी यांच्या शाळा एकत्र झाल्यामुळे तिथे श्रीमंत उपनगर आणि गरीब शहरभाग एकाच मंडळाखाली आले. 2000 मध्ये मंडळाने असे धोरण ठरवले की, कोणत्याही शाळेत सवलतीच्या जेवणास पात्र, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील, मुलांचे प्रमाण 40 टक्क्यांहून अधिक असू नये, आणि त्यासाठी हद्दी वेळोवेळी बदलल्या जाव्यात. येथे शाळांविषयीचे आकडे, दुर्लक्षित मूल नजरेस पडावे या हेतूच्या जवळ जाऊन वापरले गेले. जवळच्या शाळेची मागणी करणाऱ्या आणि वारंवारच्या बदलांना कंटाळलेल्या पालकांचा रोष वाढत गेला, 2009 च्या निवडणुकीत मंडळातील बहुमत बदलले आणि मार्च 2010 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते धोरण मागे घेण्यात आले.

या रोषातील एक भाग रास्त होता, कारण लहान मुलाची शाळा दर दोन-चार वर्षांनी बदलणे आणि त्याला बसमध्ये तासभर बसवणे ही खरीच झळ आहे. परंतु हद्दबदलाच्या प्रत्येक वादात, मग तो वेक काउंटीत असो की 2019 मध्ये मेरीलँडच्या हॉवर्ड काउंटीत झालेला असो, आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो : आम्ही या शाळेसाठी पैसे मोजले आहेत. आकडे पाहून घर घेणाऱ्या पालकाला दोष देता येत नसला तरी हा युक्तिवाद मान्य करता येत नाही. ते पैसे घर विकणाऱ्याला मिळाले, काउंटीला किंवा शाळेला नव्हे. घराच्या खरेदीखतात शाळेचे नाव नसते, आणि हद्दी आखण्याचा अधिकार निवडून आलेल्या शाळा मंडळाकडेच राहतो.