पट्टी, पेन आणि पेपरचा गठ्ठा

महाराष्ट्र विधानसभेच्या 2009 च्या निवडणुकीचं मतदान 13 ऑक्टोबरला होतं. त्याच्या तोंडावर राज्यातल्या तीन मोठ्या मराठी दैनिकांत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या तरुण, तडफदार नेतृत्वाचे गोडवे गाणारा मजकूर छापून आला. तिन्हीकडे शब्दन् शब्द तोच, आणि ‘जाहिरात’ असा उल्लेख कुठेच नाही. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये हे प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा त्यांच्या हातात गुप्त कागद किंवा चोरून केलेलं ध्वनिमुद्रण नव्हतं. थोड्या पैशांत कोणालाही मिळणारे पेपर होते. फक्त ते एकाशेजारी एक ठेवले गेले होते.

ते आपल्यापैकी कोणी ठेवले नाहीत, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. महाराष्ट्रात गावोगाव सार्वजनिक वाचनालयं आहेत. तिथे सकाळी आठ-दहा दैनिकं येतात आणि एकच गृहस्थ ती सगळी वाचून घरी जातात. तो मजकूर तीनदा वाचलेले लोक नक्कीच असणार. पण पेपर हा एकामागून एक वाचायचा असतो, ताडून पाहायचा नसतो, ही सवय आपल्या हाडीमांसी खिळलेली आहे.

पुढचं प्रकरण सर्वांना माहीत आहे. भोकर मतदारसंघातल्या खर्चाच्या हिशेबात चव्हाणांनी वृत्तपत्रांतल्या जाहिरातींसाठी 5,379 रुपये दाखवले होते. तेव्हा उमेदवाराची खर्चमर्यादा 10 लाखांची होती. प्रतिस्पर्धी उमेदवार माधव किन्हाळकर यांनी तक्रार केली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आली, जुलै 2014 मध्ये निवडणूक आयोगाने चव्हाणांना नोटीस बजावली आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. म्हणजे पाच वर्षं उलटली होती आणि ज्या विधानसभेसाठी हे सगळं झालं तिची मुदतही संपत आली होती. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना मात्र आयोगाने ऑक्टोबर 2011 मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. त्यांच्याबाबतचा मजकूर 2007 च्या निवडणुकीतला होता.

या साऱ्या खटल्यांत कायदा एकच गोष्ट विचारत राहतो: पैसे कोणी दिले, कोणाला दिले, आणि ते हिशेबात दाखवले का? लोकप्रतिनिधित्व कायद्याची कलमं खर्चाभोवती विणलेली आहेत, त्यामुळे तो दुसरं काही विचारूही शकत नाही. आणि पैशाची पावती सहसा सापडत नाही. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने (परंजॉय गुहा ठाकुर्ता आणि के. श्रीनिवास रेड्डी) याच विषयावर 71 पानांचा अहवाल लिहिला. त्यात वृत्तपत्रांची नावं होती, म्हणून 2010 मध्ये कौन्सिलनेच तो बाजूला ठेवून आटोपशीर अहवाल प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. पहारेकऱ्याच्याच दाराला कुलूप असावं, तसला हा प्रकार.

म्हणून माझं म्हणणं असं की, बातमी विकत घेतलेली आहे का, हा प्रश्न नागरिकाने सरळ सोडून द्यावा. तो तपास यंत्रणांचा विषय आहे. आपण एवढंच पाहावं: कोणाला किती जागा मिळाली, कुठल्या पानावर, आणि कोणत्या सुरात. याला पावती लागत नाही.

समजा, एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत पान तीनवर एका उमेदवाराच्या प्रचारफेरीची बातमी आहे. दोन कॉलम रुंद, 18 सेंटीमीटर उंच. झाली 36 कॉलम सेंटीमीटर. सोबतचा फोटो वेगळा मोजायचा. पान, जागा (वरची घडी की खालची), बातमीदाराचं नाव आहे का, आणि विरोधी बाजूचं एखादं तरी वाक्य आहे का, हे लिहून ठेवायचं. आता सूर. ‘झंझावाती दौरा’, ‘अलोट गर्दी’, ‘विरोधकांच्या पायाखालची वाळू सरकली’ ही शब्दकळा दिसली की अधिक. नुसतंच ‘सभा झाली, अमुक म्हणाले’ असेल तर शून्य. प्रेस कौन्सिलच्या त्या अहवालात एक गमतीदार निरीक्षण आहे: एकाच पानावर दोन प्रतिस्पर्धी उमेदवारांच्या स्तुतीच्या बातम्या, आणि दोघांचाही विजय जवळपास पक्का! पट्टी लावली तर या पानावर दोन्ही पारडी समसमान भरतील. तेव्हा नुसता तोल साधला म्हणजे पत्रकारिता झाली, असंही नाही.

खरी अडचण पट्टीची नाही, पट्टी धरणाऱ्याची आहे. 1985 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1982 च्या बैरूतमधल्या हत्याकांडावरच्या अमेरिकी टीव्ही बातम्या त्यांनी इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक अशा दोन्ही विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच, पण दोन्ही गटांना त्या आपल्या विरुद्ध झुकलेल्या वाटल्या. आणि ज्यांना विषयाची माहिती अधिक, त्यांना पक्षपातही अधिक दिसला. आपल्याकडे जो तो दुसऱ्याच्या चॅनेलला ‘विकलेलं’ म्हणतो, त्यातला मोठा वाटा या मनोव्यापाराचा आहे. ज्याला राजकारण सगळ्यात जास्त कळतं असं आपण समजतो, त्याच्याच हातात वही देणं म्हणूनच धोक्याचं.

यावर उपाय एकच मला ठाऊक आहे, आणि तो थोडा त्रासाचा आहे. मोजणारे भिन्न पक्षांना मत देणारे हवेत. त्याच वीस बातम्या दोघांनी एकमेकांना न दाखवता वाचायच्या, सुराची खूण करायची आणि मग वह्या उघडायच्या. सोळा-सतरा ठिकाणी जुळलं तर पुढे जायचं. नाही जुळलं तर नियम ढोबळ आहेत, ते पुन्हा लिहायचे. अशा मोजणीचं एक उदाहरण आहे: 1995 पासून दर पाच वर्षांनी एकाच ठरलेल्या दिवशी जगभरातले स्वयंसेवक बातम्यांतल्या बायकांची उपस्थिती मोजतात. ते प्रमाण 1995 मध्ये 17 टक्के होतं, 2020 मध्ये 25. एवढं साधं काम, पण पंचवीस वर्षं एकाच पट्टीने केलं म्हणून कोणाला ते झटकून टाकता येत नाही.

निवडणूक आयोगाची स्वतःची यंत्रणाही आहे. जिल्ह्याजिल्ह्यात माध्यम प्रमाणन आणि देखरेख समिती असते, आणि तिच्यात एका स्वतंत्र नागरिकाला किंवा पत्रकाराला जागा ठेवलेली आहे. आपल्या जिल्ह्यात त्या खुर्चीवर कोण बसतं, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? समाजमाध्यमांचं मी थोडक्यात आटोपतो: फेसबुकवरच्या राजकीय जाहिराती कोणी दिल्या आणि साधारण किती खर्च झाला, हे 2019 पासून तिथेच पाहता येतं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात काय फिरतं, ते मात्र कोणत्याही पट्टीच्या बाहेर आहे.

पक्ष घेऊन लिहिण्याला माझी हरकत नाही, हेही सांगून टाकतो. मराठी पत्रकारिता पक्ष घेऊनच वाढली. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांना कोणी तटस्थ म्हणणार नाही, आणि तसे असल्याचा त्यांनी आवही आणला नाही. पण त्याच परंपरेत 1920 ची गोष्ट आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’चा पहिला अंक 31 जानेवारीला निघाला, आणि पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापायला नकार दिला. आता त्या आठवड्याचा ‘केसरी’ घेऊन बसा आणि पट्टी लावा. काय मोजाल? तिथे काही नाहीच. न छापलेलं मोजायचं, तर ‘मूकनायक’ नावाचं पत्र निघालं आहे हे आधीच ठाऊक असायला हवं.

पट्टीवाल्या मंडळींना मी हाच आग्रह धरीन. पेपर उघडण्याच्या आधी आपली यादी तयार ठेवा. तालुक्यात या आठवड्यात काय झालं? टँकर किती गावांना लागले, सोयाबीन हमीभावाच्या किती खाली विकलं गेलं, कोणत्या शाळेत शिक्षक नाही, कोणत्या वस्तीत उमेदवार पोहोचलाच नाही, अपक्षाच्या सभेला किती माणसं होती. मग ती यादी पेपरशी ताडून पाहा. ज्या नोंदीपुढे सगळ्याच दैनिकांचा रकाना कोरा राहतो, तिथे पक्ष कोणताही असो, सगळ्यांचा झुकाव एकाच दिशेला असतो.

तालुक्याच्या वार्ताहराला ही यादी दाखवायला हरकत नाही. त्याला बहुधा त्यातलं बरंचसं ठाऊक असतं. बातमीसोबत जाहिरातीचं टार्गेटही त्याच्याच गळ्यात असतं आणि निवडणुकीच्या महिन्यात ते कोणाकडून पुरं होतं, हे त्याला विचारावं लागत नाही. कोरा रकाना त्याच्यामुळे राहिला असं धरून त्याच्यावर तुटून पडणारे बरेच भेटतील. यादी घेऊन जायचं ते जिल्हा आवृत्तीच्या संपादकाकडे, शक्यतो वेगवेगळ्या पक्षांना मत देणाऱ्या दोघांनी मिळून.