करुणा आणि प्रमाण

रोग्याचे भले व्हावे ही इच्छा आणि त्याचे भले होत आहे हे ज्ञान, या दोन भिन्न गोष्टी आहेत. वैद्यकाच्या इतिहासात पहिलीलाच दुसरी मानण्याची चूक वारंवार झालेली दिसते. आणि ती केवळ दुर्जनांच्या नव्हे, तर सज्जनांच्याही हातून झाली आहे. शुद्ध हेतू हा नीतीचा आरंभ असेल; परंतु तेवढ्याने ती पूर्ण होते काय?

‘चरकसंहिते’ने आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चार प्रमाणे मानली. त्यांपैकी प्रत्यक्ष आणि अनुमान ही वैद्याला अधिक मोहात पाडतात. औषध दिले आणि रोगी बरा झाला, हे डोळ्यांना दिसते. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली नसेल कशावरून? पुराव्याधिष्ठित वैद्यकाचे मूळ या संशयात आहे. सारख्या अवस्थेतील रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी निर्गुण गोळी द्यावी आणि परिणाम मोजावेत, ही त्याची रीत.

या रीतीवरील नैतिक आक्षेप हलका नाही. ज्या औषधाने गुण येतो असे वैद्याला मनापासून वाटते, ते निम्म्या रोग्यांना नाकारणे हा निष्ठुरपणा नव्हे काय?

‘कास्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीने या आक्षेपाला विदारक उत्तर दिले. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ज्या रोग्यांचे ठोके वरचेवर चुकतात, त्यांना आकस्मिक मृत्यूचा धोका अधिक असतो, हे ठाऊक होते. यावरून केलेले अनुमान सरळ होते : ठोके सावरावेत, म्हणजे मृत्यू टळेल. एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे ठोके खरोखरच सावरीत. म्हणून अमेरिकेत ती अनेकांना दिली जात होती. १९८९ साली या दोन औषधांपुरती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३, तर निर्गुण गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६ दगावले होते. ठोके सावरले होते. माणसे गेली होती. ज्यांना औषध ‘नाकारले’ गेले, तेच भाग्यवान ठरले. निष्ठुरता मोजण्यात नव्हती. न मोजता देत राहण्यात होती.

परंतु मोजणे पुरेसे नसते. मोजलेले सांगावेही लागते. याच जातीच्या लॉर्केनाइड या औषधाची ब्रिटनमध्ये १९८० साली चाचणी झाली होती. शंभराहून कमी रोग्यांच्या त्या चाचणीत दहा मृत्यू झाले. त्यांतले नऊ औषधाच्या गटातले होते. संशोधकांना तो योगायोग वाटला. पुढे व्यापारी कारणांनी औषधाचा विकास थांबला आणि निष्कर्ष अप्रकाशित राहिले. ते १९९३ मध्ये छापताना, वेळीच छापले असते तर धोक्याची सूचना मिळाली असती, हे त्याच संशोधकांनी मान्य केले. योगायोग मानणे ही बुद्धीची चूक होती, आणि ती क्षम्य आहे. मौनाचे तसे नाही. ज्यांनी आपले शरीर चाचणीच्या स्वाधीन केले, त्यांच्याकडून मिळालेले ज्ञान हे संशोधकाचे वा उत्पादकाचे खासगी धन नसते. ते पुढच्या रोग्याचे देणे असते.

याच्या उलट टोकालाही एक दोष आहे. गटाचा सरासरी निष्कर्ष हाती आला की समोरच्या व्यक्तीकडे पाहण्याची गरज उरली नाही, असे मानणारा वैद्य प्रमाणाला आज्ञा बनवतो. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली हा गैरसमज खोडून काढला : उत्तम पुरावा आणि वैद्याचा अनुभव यांचा मेळ घालून रोग्याची परिस्थिती व इच्छा लक्षात घेणे, हेच या वैद्यकाचे स्वरूप होय. ऐंशी वर्षांच्या वृद्धेला आयुष्याचे काही महिने हवेत की शुद्धीत घालवलेले थोडे दिवस, हे कोणताही तक्ता सांगू शकत नाही. ते तिलाच विचारावे लागते.

म्हणून चांगल्या आणि वाईट व्यवहारातील सीमारेषा पुरावा असण्या-नसण्यापाशी संपत नाही. स्वतःचा विश्वास पारखून घेण्याची तयारी, प्रतिकूल निष्कर्षही उघड करण्याचा प्रामाणिकपणा आणि आकड्यापलीकडच्या माणसाचे ऐकण्याची सवड, या तिहींची वैद्याकडून अपेक्षा आहे. करुणेला प्रमाणाची जोड हवी, ती करुणा उणी आहे म्हणून नव्हे. ती चुकली तर तिची किंमत वैद्याला नव्हे, रोग्याला मोजावी लागते म्हणून.