तालमीचं गाव

विंगेत प्रॉम्प्टरच्या शेजारी बसून मी एक अख्खी रात्र काढली आहे. ब्रह्मपुरी तालुक्यातलं गाव, धान कापून मोकळी झालेली बांधी, डिसेंबरचा शेवट. प्रॉम्प्टरच्या डोक्याला मफलर, मांडीवर जाड वही, वहीच्या कडा हाताच्या घामानं काळपट झालेल्या, आणि वर तारेला लटकलेला एक बल्ब. तो वाक्यं वाचून दाखवत नव्हता. वाक्याचे पहिले तीन-चार शब्द दबक्या पण टोकदार आवाजात रंगमंचाकडे फेकत होता. समोर उभ्या असलेल्या नटीचा नवरा नाटकात नुकताच घर सोडून निघाला होता. ती शब्द ऐकायची, अर्धा श्वास थांबायची आणि मग बोलायची. खाली बसलेल्या हजारो माणसांना ते थांबणं म्हणजे दाटून आलेला गळा वाटत होता. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या.

मला शेजारी बसून दिसत होतं की तिनं ते वाक्य त्याच क्षणी ऐकलं आहे. तरीही गळा दाटणं खोटं नव्हतं. नाट्यशाळांमध्ये नटाला वर्षानुवर्षं सांगितलं जातं की पाठ असलेलं वाक्य पहिल्यांदाच सुचल्यासारखं बोल. या बाईला ते खरोखरच आत्ता मिळत होतं आणि मिळाल्याबरोबर ती ते आपलं करून टाकत होती. एक कान वहीकडे, दुसरा समोरच्या नटाकडे, आणि सगळं अंग त्या गर्दीकडे. मध्यंतरात चहा पिताना तिनं सांगितलं की या नाटकाची तिची ही तिसरी नाईट. काल दुसरं नाटक होतं, दुसऱ्या गावात. उद्या आणखी वेगळं.

झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांचा जंगलाचा आणि धानाचा मुलूख. दिवाळी झाली, भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागल्या की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारास संपतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक, असा जुना शिरस्ता. पटावर मध्ये काही वर्षं न्यायालयाची बंदी होती, पण नाटक थांबलं नाही. ते थांबलं फक्त करोनात. रात्री नऊ-दहाला उघडलेला पडदा पहाटेपर्यंत चालतो. घराघरांत पाहुणे उतरतात, त्या गर्दीत सोयरिकी जुळतात. वैनगंगेच्या एका काठाला ब्रह्मपुरी, दुसऱ्या काठाला वडसा, सरकारी कागदावरचं देसाईगंज. वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं एकाला एक लागून आहेत. पावसाळा ओसरता ओसरता गावोगावची मंडळं तिथे येऊन तारीख ठरवतात, नाटक ठरवतात आणि मुख्य म्हणजे पोस्टरवर कोणाकोणाचे फोटो आहेत ते पाहतात.

नट निवडला जातो तो इथे, आणि मुंबईत 'ऑडिशन' म्हणतात तसलं यात काही नसतं. वर्सोव्याच्या आरामनगरात मुलगा पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहतो, नाव आणि उंची सांगतो, चेहरा डावीकडून आणि उजवीकडून दाखवतो, मग हातातल्या कागदावरचा प्रसंग एका कॅमेऱ्याला म्हणून दाखवतो. आता तर तेही घरी, मोबाईल पुस्तकांच्या चळतीला टेकवून. आमच्याकडचा एक मुलगा तीन वर्षं तसं करून परत आला. त्याला काम मिळालं नाही याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख त्यानं वेगळ्या शब्दांत सांगितलं: "नाही म्हनायलेही कोनी समोर नसते." चेहरा पाठवायचा आणि वाट पाहायची. आपण वाईट केलं की चांगलं, की कोणी बघितलंच नाही, हे कधीच कळत नाही.

झाडीपट्टीत नटाला ते त्याच रात्री कळतं. एका कंपनीतल्या विनोदी नटानं मला त्याची सुरुवात सांगितली. तो तबलजी. एका रात्री नोकराचं काम करणारा नट तापानं फणफणला. मालकानं याच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि ढकललं. पहिल्या वाक्याला कोणी हसलं नाही. दुसऱ्या वाक्याला मागून एक म्हातारा ओरडला, "अबे, माईकखाली ये ना!" तो माईकखाली आला, तेच वाक्य पुन्हा म्हणाला, आणि लोक हसले. "माह्यी परीक्षा त्या म्हाताऱ्यानं घेतली अना पासही त्यानंच केलं," असं तो म्हणाला. दुसऱ्या वर्षी पोस्टरच्या तळाशी त्याचा तिकिटाएवढा फोटो आला. आता तो वरच्या रांगेत असतो.

म्हाताऱ्याचं ते ओरडणं मला साधं वाटत नाही. त्याला लोंबता माईक म्हणजे काय आणि नटानं त्याच्याशी कसं वागायचं हे ठाऊक होतं. लेखाच्या शेवटाकडे मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आधी 'बटबटीत' या शब्दाचा हिशेब. शहरातून झाडीपट्टीचं नाटक पाहायला आलेला माणूस हटकून हा शब्द वापरतो. मीही कॉलेजात असताना वापरला आहे. पण त्या बांधीत उभं राहून बघा. पूर्वी प्रेक्षकांसाठी जमीन खणून उतार करत आणि तीच माती रंगमंचाच्या चौथऱ्याला वापरत. वर आकाश, बाजूला ताडपत्री. दव पडतंय, लेकरं रडतायत, कोणी शेकोटी पेटवलीय. रंगमंचावर वरून दोन-तीन माईक सोडलेले. नटाला बोलायचं तर त्यांच्याखाली यावं लागतं, बोलून झालं की समोरच्याला जागा करून द्यावी लागते. म्हणजे भांडण असो की प्रेम, चालणं ठरतं माईकमुळे, आणि ते चालणं मनातून आल्यासारखं दाखवायचं ही नटाची कामगिरी. शेवटच्या रांगेतल्या माणसाला चेहरा दिसतच नाही. त्याला हात दिसतो, मान दिसते, पाठ दिसते. मग रडणं खांद्यांत आणावं लागतं. भुवईच्या इवल्याशा हालचालीनं भाव दाखवणारा नट इथे वाईट नट ठरेल, आणि ठरावाच. मोठा आवाज, मोठा हात, लांबवलेलं वाक्य ही त्या मैदानाला नटांनी दिलेली उत्तरं आहेत आणि ती पिढ्यांनी घासून काढलेली आहेत.

विनोदी नटाचं काम तर त्याहून बारीक. तो गावात संध्याकाळी लवकर पोचतो, चहाच्या टपरीवर बसतो. सरपंच कोण, पटात कोणाची जोडी पहिली आली, कोणाच्या शेतात रानडुकरांनी धान तुडवलं, हे ऐकून घेतो. रात्री दीडला, लोक पेंगायला लागले की त्याच्या तोंडून ते निघतं आणि सगळी बांधी जागी होते. यातलं काहीच वहीत नसतं.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका असे आकडे सगळीकडे छापून आले. लोकांनी पाच हजारांचं कौतुक केलं. मला आठशेचं वाटतं. पुण्या-मुंबईचा यशस्वी नट एक भूमिका हजारदा करू शकतो, पण आठशे माणसं व्हायची संधी त्याला मिळणार नाही. ती मिळते ते रोज गाव बदलतं, नाटक बदलतं आणि विंगेत वही घेऊन कोणी बसलेला असतो म्हणून. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये सुरू झालं. तिथे तीन वर्षांत विद्यार्थ्याच्या वाट्याला किती भूमिका येत असतील? मी त्या शिक्षणाला कमी लेखत नाही. तिथे जे मिळतं, म्हणजे एका भूमिकेत महिनोनमहिने उतरणं, वाचणं, चुकणं, पुन्हा करणं, ते आमच्या नटाला मिळत नाही आणि मिळायला हवं. माझं म्हणणं एवढंच की आमच्या नटाला 'अप्रशिक्षित' म्हणू नये. तो प्रशिक्षित आहे. त्याच्या शाळेला पाटी नाही, आणि ती शाळा आता मोडत चालली आहे याकडे लक्ष नाही.

ती शाळा कंपनीत नव्हतीच. ती गावात होती.

माझ्या लहानपणी आमच्या गावात कंपनी येत नसे. नाटक गावच करायचं. धान कापणी संपण्याआधीच मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर रात्री तालीम सुरू व्हायची. तालीम मास्तर शेजारच्या गावाहून सायकलनं यायचे. पेट्रोमॅक्सभोवती पंधरा-वीस माणसं: शिंपी, मास्तर, दोन कास्तकार भाऊ, वनखात्याचा एक चौकीदार. नट्या तेवढ्या बाहेरून बोलवायच्या, त्या एक-दोन दिवस आधी यायच्या. माझे काका खलनायक. महिनाभर ते बैलांना वैरण टाकतानाही वाक्यं म्हणत आणि काकू चुलीपाशी बसून चुकलेला शब्द दुरुस्त करत. तिनं रंगमंचावर कधी पाय ठेवला नाही, पण घरातलं प्रत्येक नाटक तिला तोंडपाठ होतं. त्याच्याही आधीपासून दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं होती, पुरुषच लुगडं नेसून बाई होत. म्हणजे गावात कोणी ना कोणी नाचलेला, गायलेला, तोंडाला रंग लावलेला असायचाच.

आता तो म्हातारा पुन्हा आठवा, माईकखाली ये म्हणून ओरडणारा. तो कोण होता? माझी खात्री आहे की तो कोणाचा तरी काका होता, कधीकाळी ओसरीवर तालमीला बसलेला. झाडीपट्टीच्या नटासमोर नुसते प्रेक्षक बसत नव्हते, नट बसलेले असत. एका रात्रीत दहा-वीस माजी खलनायक, नायक आणि राजे त्याला पाहत असत. त्यांना खोट काढता येत होती आणि म्हणून दादही देता येत होती. नटाचा कस लागत होता तो अशा डोळ्यांपुढे. व्यावसायिक कंपन्या या प्रेक्षकावर उभ्या राहिल्या.

कंपन्यांनी वाईट काही केलं असं मी म्हणत नाही. त्यांनी शेकडो कलावंतांना, वादकांना, पडदे रंगवणाऱ्यांना, नेपथ्याच्या मजुरांना हंगामाची भाकर दिली. गावातल्या नाटकावर नवरगावच्या सदानंद बोरकरांसारखा लेखक उभा राहिला आणि 'आत्महत्या'सारखं नाटक शेतकऱ्याच्या मरणावर बोललं. पण तयार नाटक ठेक्यानं मिळू लागलं तसं गावानं स्वतः नाटक करणं सोडलं. कोणाला वेळ नाही, कोणाला हौस नाही, आणि हिशेबही सोपा झाला: कंपनी आणली की तिकीट विकून मंडळाला चार पैसे उरतात. तालीम मास्तर म्हातारे झाले आणि गेले. त्यांच्या वह्या कुठे गेल्या कोणी विचारलं नाही. आमच्या मास्तरांची वही मी त्यांच्या घरी शोधली, तेव्हा वाळवीनं अर्धी खाल्लेली हाती आली. समासात त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, कुठल्या शब्दावर थांबायचं, कुठे पेटीनं सूर धरायचा.

परिणाम मला दरवर्षी दिसतो. पेंगणारा प्रेक्षक आता विनोदानं कमी उठतो, मध्ये घातलेल्या नाचानं जास्त. मुंबईच्या मालिकेतला चेहरा एका रात्रीसाठी आणला की पोस्टर खपतं. तो पाहुणा दोन प्रवेश करतो, मोठं पाकीट घेतो. आमचा नट विंगेतून पाहतो आणि त्यातून शिकतो की काम नव्हे, चेहरा लागतो. कंपन्यांतही तालीम दोन-चार दिवसांवर आली. प्रॉम्प्टर ही सोय होती, आता ती कुबडी होऊ लागली आहे. ज्या नटीचा अर्धा श्वास मी ऐकला ती जुन्या हाताची आहे. नव्या मुलींना तो अर्धा श्वास कोणी शिकवत नाही, आणि वाक्य कानावर आलं की त्या ते तसंच पुढे ढकलून देतात.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे शहरातून कोणी येऊन घेतलेली चार दिवसांची कार्यशाळा. मी अशा दोन पाहिल्या. एकीत पहिल्याच दिवशी नटांना सांगितलं गेलं की आवाज खाली आणा, हात कमी हलवा. ते ऐकत राहिले, आणि रात्री नाईटला जाऊन पुन्हा हात हलवले, कारण त्यांच्यासमोर मैदान होतं. शिकवायचंच तर उलट दिशेनंही शिकवावं. नाट्यशाळांच्या मुलांना एक महिना कंपनीच्या गाडीत बसवावं, रोज नवं गाव, नवी वही. आणि आमच्या नटाला पंधरा दिवस पगारी तालीम मिळावी, ज्यात त्याला एकच भूमिका पुन्हा पुन्हा करता येईल. रात्रीच्या जंगल रस्त्यावरचा प्रवास, नट्यांसाठी कपडे बदलायला धड आडोसा, आजारपणात बुडणारी नाईट, हे प्रश्न आहेतच, आणि ते कलेच्या गप्पांआधी सुटायला हवेत. थकलेल्या, घाबरलेल्या माणसाला अभिनय शिकवता येत नाही.

पण यातलं सगळं झालं तरी गावाचे डोळे परत आले नाहीत तर काय उपयोग? म्हणून मंडळांना माझं एक मागणं होतं: कंपनी आणा, पण आदल्या रात्री गावाचं स्वतःचं एक नाटक करा. लहान का होईना. गेल्या हंगामात आमच्या गावातल्या मुलांनी ते मनावर घेतलं. अकरा रात्री तालीम झाली, ओसरी आता फरशीची आहे. वाळवीतून वाचलेल्या पानांवरून दोन प्रवेश बांधले. मुंबईहून परतलेला तो मुलगा मास्तर झाला. कंपनीसाठी घातलेला मंडप, माईक, सगळं एक दिवस आधी लागलं होतं.

प्रयोग अडखळला. चौदा जणांपैकी दोघं वाक्य विसरून गप्प उभे राहिले आणि समोरच्या बायकांतून कोणीतरी ते वाक्य पुरवलं. लोक हसले, पण उठून कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या नाईटसाठी कंपनीचा विनोदी नट, तोच तबलजी, मुक्कामाला आधीच आलेला होता. तो विंगेत दोरीला धरून शेवटपर्यंत उभा राहिला. पडदा पडल्यावर सर्वात घाबरलेल्या पोराला त्यानं बाजूला घेतलं, वरच्या माईककडे बोट दाखवलं आणि त्याला तिथून इथवर दोनदा चालून दाखवलं.

"माईकखाली येऊनच बोल, बाबू," तो म्हणाला, "पन येताना घाई नोको करू."