टाकणे आणि त्यागणे

टाकणे आणि त्यागणे हे दोन शब्द व्यवहारात आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. अमक्याने संसार टाकला असेही म्हणतो आणि संसाराचा त्याग केला असेही म्हणतो. परमार्थात मात्र या दोन शब्दांत फार अंतर आहे. टाकलेली वस्तू हातातून सुटते, पण तिची ओढ मनात तशीच राहू शकते. म्हणून तर आज टाकलेली वस्तू उद्या पुन्हा विकत आणली जाते. त्यागात ओढच सुटते, मग वस्तू घरात येण्याचे कारणच उरत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहाने कर्तव्य सोडणे हा तामस त्याग. देहाला कष्ट पडतील या भयाने सोडणे हा राजस त्याग. आणि कर्तव्य करीत असताना आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक त्याग. राजस त्यागाला त्यागाचे फळ मिळत नाही, असा तिथे स्पष्ट निर्णय आहे. भाविकहो, हा विचार यज्ञ, दान आणि तप यांच्यासंबंधी आला आहे हे खरे. पण शास्त्राचा सिद्धांत हा दिव्यासारखा असतो. तो देव्हाऱ्यात ठेवला तरी उजेड ओसरीपर्यंत येतो. पंगत उठल्यावर ताटली घासण्याचे कष्ट नकोत म्हणून आपण जेवून फेकून द्यायची ताटली आणतो. कायाक्लेशाच्या भयाने केलेली ही सोडवणूक म्हणजे राजस त्यागाचे अगदी आजचे उदाहरण आहे.

हा विषय मनात घोळू लागला तो आमच्या दिंडीतल्या एका मुलीमुळे. ती पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकते, वसतिगृहात राहते आणि आजीबरोबर वारीला येते. तिच्या महाविद्यालयात ‘शाश्वत जीवनशैली’ या विषयावर काही काम करायचे होते. तिने ठरवले की आठ दिवस आपल्या खोलीतला केर बाहेर टाकायचाच नाही, एका पोत्यात साठवायचा. आठव्या दिवशी तिने वर्तमानपत्र अंथरून ते पोते उलटे केले. चहाचे कागदी कप, बिस्किटांची वेष्टने, खानावळीतून आणलेल्या जेवणाचे डबे, घरपोच आलेल्या वस्तूंची खोकी, शाई संपली की फेकायची पेने, एका बाजूने कोरे कागद, केळ्यांच्या साली. तिने त्याचे तीन ढीग केले. एक मातीत परत जाईल असा, दुसरा भंगारवाला घेईल असा, आणि तिसरा या दोन्हींत न बसणारा. ती मला म्हणाली, “महाराज, तिसरा ढीग सगळ्यांत मोठा नव्हता, पण तोच कायमचा होता.” कागदी कपही त्याच ढिगात गेले. त्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. त्यामुळे ते धड कुजत नाहीत आणि भंगारातही त्यांना कोणी विचारत नाही.

पुढे तिने जे केले ते नव्या साधकाच्या उत्साहाला शोभेल असेच होते. खोलीतले सगळे प्लॅस्टिकचे डबे एका दिवसात काढून टाकले आणि पोळीचा डबा पोलादी, दात घासायचा ब्रश बांबूचा, पिशव्या नव्या कापडाच्या, असे सारे विकत आणले. तिच्या आजीने ते पाहून एवढेच विचारले, “अगं, चांगले डबे होते ते. अजून चार वर्षे चालले असते. मग केर कमी झाला की वाढला?” शाळेची पायरी न चढलेल्या त्या माउलीने अठरावा अध्यायच सांगितला. मुलीने डबे टाकले होते, हाव त्यागली नव्हती. ती फक्त एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेली होती.

मुलगी विचारी. तिने त्यापुढे काही टाकणेही बंद केले आणि आणणेही कमी केले. जुन्या साडीच्या पिशव्या आजीने शिवून दिल्या. चहाच्या टपरीवर ती स्वतःचा पेला पुढे करू लागली. वसतिगृहाच्या गच्चीवर मातीच्या कुंडीत साली आणि उष्टे-खरकटे घालू लागली. पहिल्या महिन्यात कुंडीला दुर्गंधी सुटली, अळ्या झाल्या आणि बोलणी खावी लागली. मग तिच्या ध्यानात आले की ओल्याबरोबर कोरडेही हवे. प्रत्येक थरावर वाळका पाला घातला, अधूनमधून खालीवर केले, आणि वास गेला. दोन-तीन महिन्यांत त्याचे काळे भुसभुशीत खत झाले. ते तिने तुळशीला घातले.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती म्हण ज्या काळात जन्मली त्या काळी उकिरड्यावर शेण, राख, पालापाचोळा पडत असे. उन्हाळ्यात तोच उकिरडा गाडीत भरून शेतात जाई आणि पुढल्या वर्षी भाकरी होऊन घरी येई. आजच्या उकिरड्यावर बारा वर्षे लोटली तरी पिशवी ही पिशवीच राहते. त्याचे पांग कसे फिटावे?

आता कोणी म्हणेल, केर टाकला की तो गेला, त्याचा परमार्थाशी संबंध काय? तर तो कुठे जातो ते पाहू. देहू आणि आळंदी ही दोन्ही क्षेत्रे इंद्रायणीच्या काठी. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुण्याची मुळा-मुठाही पुढे भीमेतच येते. भीमा उजनीच्या जलाशयात विसावते आणि तिथून पंढरीला येऊन चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तिला आपण चंद्रभागा म्हणतो. आषाढीला स्नानापुरते पाणी असावे म्हणून उजनीतूनच पाणी सोडतात. म्हणजे तुकोबारायांची आणि माउलींची पालखी ज्या गावांहून निघते, त्याच गावांचे पाणीही पंढरीकडेच निघते. आपण पायी येतो, ते नदीने येते. आपण जे आळंदीच्या घाटावर किंवा पुण्याच्या पुलावरून सोडून देतो, तेही वारीलाच निघालेले असते. मग वाळवंटात उभे राहून ज्या पाण्याची ओंजळ डोक्याला लावायची, त्यात कोणाचे काय आहे, हे दुसऱ्या कोणाला विचारावे?

यावर पूर्वपक्ष असा येतो. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस दिसतो, तो एका मुलीच्या कागदी कपाचा नव्हे. शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायन त्याला कारण आहे. ज्यांचा दोष डोंगराएवढा त्यांना सोडून राईएवढ्या दोषासाठी त्या पोरीने पेला घेऊन का फिरावे? हा आक्षेप खोटा नाही. त्याला भक्तिभावाच्या शब्दांनी झाकून टाकणे बरोबर नाही. शहराचे मैलापाणी शुद्ध करूनच नदीत सोडले पाहिजे. ते काम नगरपालिकेचे आणि शासनाचे आहे, आणि त्यासाठी वारकऱ्याने आवाज उठवलाच पाहिजे. आपल्या नेमाने त्यांचे कर्तव्य फिटत नाही.

पण उत्तरपक्षही ऐका. पंढरीची वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. लाखो वैष्णव चालत असताना माझ्या दोन पायांनी वारीत काय भर पडते, असे कोणी वारकरी विचारतो का? तो चालतो, कारण ते चालणे त्याचे आहे. एकादशी आपण करतो ती जगातले धान्य वाचावे म्हणून नव्हे. नेम जगाला बदलतो की नाही हे पांडुरंगाच्या हाती, पण नेम करणाऱ्याला तो निश्चित बदलतो. आणि ज्याने आपला पेला धुण्याची सवय स्वतःला लावली आहे, तोच उद्या अधिकाऱ्यापुढे उभा राहून नदीबद्दल निर्भयपणे विचारू शकतो. अधिकार आचरणातून येतो.

शासनाचे म्हणाल तर महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्या यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. तरीही पालखीमार्गावर त्या वस्तू दिसतात. कायदा दुकान बंद करू शकतो, पण वासनेला कुलूप लावणे त्याच्या हातात नाही.

याहून अवघड प्रश्न त्या मुलीनेच मला विचारला. वारीत एका गावी मोलमजुरी करणारी एक म्हातारी रस्त्याच्या कडेला चहाची किटली घेऊन उभी होती. वारकऱ्याच्या रूपाने विठ्ठल दारात आला या भावनेने ती दोन्ही हातांनी कागदी कप पुढे करीत होती. मुलीचा पेला मागे राहिलेल्या सामानाच्या गाडीत होता. तिने “मी असल्या कपातून घेत नाही” म्हणून नकार दिला. म्हातारीचा चेहरा उतरला. आपल्या हातचे चालत नाही असे तिला वाटले असावे. मुलगी दिवसभर अस्वस्थ होती. मुक्कामावर आल्यावर म्हणाली, “महाराज, मी नेम पाळला, मग मला पाप केल्यासारखे का वाटते?”

भाविकहो, या प्रश्नातच सगळे आहे. ज्या संप्रदायाने सोवळ्याच्या अहंकाराविरुद्ध एवढा मोठा लढा दिला, त्यात आपण नवे सोवळे तर निर्माण करीत नाही ना? पूर्वी स्पर्शाचा विटाळ मानला, आता प्लॅस्टिकचा विटाळ मानून माणसाला दूर लोटले, तर फरक काय पडला? ज्ञानोबारायांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे विस्तृत वर्णन केले, त्यात ज्ञानी पुरुष पाऊलसुद्धा किती हळुवार टाकतो हे सांगितले आहे. जो पाऊल एवढे जपतो तो शब्दाने एका म्हातारीला कसा दुखवील? मी तिला म्हणालो, “बाळ, नेम आपल्यासाठी असतो आणि दया दुसऱ्यासाठी. पेला बरोबर असेल तर हसून पुढे कर. नसेल तर त्या माउलीच्या हातचा चहा प्रसाद म्हणून घे, आणि तो कप रस्त्यावर न टाकता पडशीत ठेव. उद्या मात्र पेला गाडीत ठेवू नकोस, कमरेला बांध.” दुसऱ्या दिवशी तिचा पेला पडशीच्या बंदाला लटकलेला होता. पुढच्या मुक्कामापर्यंत आणखी तिघा-चौघींनी तसे केले. तिने कोणाला उपदेश केला नव्हता.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. आषाढी झाली, काला झाला, आपण एस.टी.त बसून घरी निघतो. मागे वाळवंटात जे उरते ते कोण उचलते? सफाई कामगार उचलतात. त्यांच्यातही एकादशी करणारे आहेत, माळकरी आहेत. आपण टाकलेली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी कमरेला वाक देते. म्हणून मी असे म्हणतो की केर ही केवळ घाण नाही. ते आपले ओझे आहे आणि ते आपण न विचारता दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो.

हे ओझे पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या डोक्यावर ठेवले गेले हे वारकऱ्याला सांगायला नको. चोखोबारायांना मंगळवेढ्याच्या कुसवाच्या कामावर मृत्यू आला. त्यांची समाधी आज पंढरीत महाद्वारासमोर आहे, आणि त्या समाधीवर डोके ठेवल्यावाचून आपण राउळात जात नाही. तिथे माथा टेकवायचा आणि त्याच दिवशी आपली पत्रावळ दुसऱ्याने उचलावी म्हणून टाकून जायची, या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतील? जनाबाईंच्या कामाला पांडुरंग हात लावी, केराची पाटीही उचलू लागे, अशी कथा आपण कीर्तनात सांगतो. देव जनाबाईंचे ओझे प्रेमाने उचलत होता. आपण आळसाने ते दुसऱ्याला उचलायला लावतो.

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हे फार सरळ करून दाखवले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खापराचे गाडगे, त्यातच अन्न घेणे. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. झाडणे ही कीर्तनाची तयारी नव्हती. सकाळपासून चाललेले ते कीर्तनच होते, रात्री फक्त त्याला शब्द मिळत. आणि त्या गोधडीकडे नीट पाहा. लोकांनी टाकलेल्या चिंध्या ज्याने अंगावर घेतल्या, त्याने त्याग आणि टाकणे यांतला भेद आपल्याला डोळ्यांनी दाखवला आहे.

म्हणून येत्या वारीसाठी फार मोठी प्रतिज्ञा नको. एक पेला आणि एक ताटली पडशीत असावी. अन्नदात्यांनी शक्य तिथे पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण वापरावेत, आणि घेणाऱ्याने पोटापुरतेच वाढून घ्यावे. निर्माल्य नदीत न सोडता मातीत घालावे, आणि हाराचा प्लॅस्टिकचा दोरा आधी काढावा. जे आपण आणले ते आपणच परत न्यावे. घरी गेल्यावर आठ दिवसांचा केर त्या मुलीप्रमाणे एकदा साठवून पाहावा. आपण काय टाकतो हे कळले की काय त्यागायचे ते आपोआप कळते.

तुळशीची माळ गळ्यात घालताना आपण काही गोष्टी न खाण्याचा आणि काही न करण्याचा नेम घेतो. त्याच माळेला स्मरून एवढा एक नेम आणखी घ्यावा, की माझे ओझे मी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणार नाही. मग खांद्यावरची पताका अधिक शोभेल.

रामकृष्णहरी.