कांच आणि गुंडाळी

साधन सुलभ झालें कीं मनुष्याचें अवधान सैल पडतें, हें मत आपणांकडे इतकें रूढ आहे कीं त्याची परीक्षा करण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. खिशांतल्या फोननें दिवसाला शेंकडों छायाचित्रें टिपणाऱ्या आजच्या तरुणांकडे बोट दाखविलें, कीं वडीलधाऱ्यांस वाद संपलासा वाटतो. आम्हांस मात्र हें मत एका जुन्या उपकरणाच्या कसोटीवर घासून पाहावेंसें वाटतें. तें उपकरण म्हणजे कांचेवर चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यास मागून जोडावयाचा फिल्मचा रोल-होल्डर.

अशा कॅमेऱ्याच्या पाठीस एक दुधी कांच असे. छायाचित्रकार काळ्या फडक्याखालीं डोकें घालून तिच्यावर पडलेली उलटी प्रतिमा न्याहाळी, ती रेखीव करी, आणि मग ती कांच दूर सारून तिच्या जागीं रासायनिक लेप दिलेली दुसरी कांच बसवी. एका चित्रास एक कांच. ओझें मोठें, आणि फुटण्याची धास्ती कायमची. हें ओझें चुकविण्याची खटपट वाटते त्याहून जुनी आहे. १८५४ सालींच इंग्लंडांत मेलहुइश व स्पेन्सर यांनीं संवेदनशील कागद दोन रुळांवर गुंडाळण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. १८७५ मध्यें लंडनच्या लिऑन वॉर्नेर्के यानें शंभर चित्रांची गुंडाळी मावेल असा होल्डर केला. परंतु या युक्तीस व्यापाराचें बळ मिळालें तें १८८५ सालीं, अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें जॉर्ज ईस्टमन व विल्यम वॉकर यांनीं आपला होल्डर विक्रीस काढला तेव्हां. प्रचलित कॅमेऱ्यांच्या मापांत तो बसे. जुना कॅमेरा टाकून देण्याची कोणास गरज नव्हती. गुंडाळी प्रथम कागदाची होती. कागदाचे तंतू चित्रांत उमटत, म्हणून त्यास एरंडेल पाजून पारदर्शक करावें लागे. पुढें कागदावरून चित्राचा पापुद्रा सोडवून घेण्याची रीत निघाली, आणि गंमत अशी कीं तो सोडवितांना आधारास पुन्हां कांचच लागे!

आतां नीतीचा प्रश्न. कांचेचा अभिमानी म्हणेल, बारा कांचांचा धनी बारा वेळां विचार करी. गुंडाळीवाला तो कशास करील? यांत तथ्य आहे, पण थोडें. फुटेल, संपेल, पैसे पडतील या भयानें जो जपून वागतो, त्याच्या जपण्यास संयम म्हणावयास आमचें मन घेत नाहीं. उपाशी मनुष्याचें मिताहारीपण तें. कांचेच्या पद्धतींत खरें मोल होतें तें निराळेंच. प्रत्येक कांच अंधारखोलींत स्वतंत्र धुतली जाई. कमी प्रकाश मिळालेलीस अधिक वेळ, अधिक मिळालेलीस बेताचें रसायन, अशी जिची तिची विचारपूस होई. गुंडाळींत सारीं चित्रें एकाच न्यायानें निघतात, हा आक्षेप गंभीर आहे. परंतु ईस्टमनच्या होल्डरांत चित्राच्या सीमेवर कागदास बारीक टोंचा पडे, तो याचसाठीं कीं अंधारांत कात्रीनें चित्रें वेगळीं करतां यावीं. विचारपुशीची सोय यंत्रानें शाबूत ठेविली होती. तिचा कंटाळा पुढें माणसांस आला.

१८८८ चा कोडॅक कॅमेरा पाहा. गुंडाळी आंतच, दुधी कांच नाहीं, नेम धरण्याचें भिंगही नाहीं. शंभर वाटोळीं चित्रें झालीं कीं सबंध कॅमेराच रॉचेस्टरला धाडावयाचा. दहा डॉलर भरले कीं चित्रें छापून व नवी गुंडाळी भरून तो परत येई. पंचवीस डॉलरांच्या त्या पेटीनें, अंधारखोलीची यातायात ज्यांच्या आवांक्याबाहेरची होती अशा पुष्कळांच्या घरांत चित्रें नेलीं, हें आम्ही हलकें लेखीत नाहीं. तरी पण आपल्या कृतीचा परिणाम परक्या कारखान्यांत ठरूं देण्याची संवय जडली ती येथेंच.

होल्डरला सर्वस्वी निर्दोष ठरवावयासही आम्ही तयार नाहीं. तो एकदां जोडला कीं दुधी कांचेवर पाहणें बंद होतें, आणि पुढील चित्राच्या वेळीं मला काढा असा आग्रह तो धरीत नाहीं. चावी फिरविली कीं काम भागतें. हा मोह लहान नव्हे. १९३० च्या सुमारास जर्मन बनावटीच्या लहान कॅमेऱ्यांसाठीं 'राडा', 'रोलेक्स' असे होल्डर मिळत. त्यांस धातूची एक सरकती पट्टी असे. ती आंत सारली कीं अर्धवट वापरलेली फिल्म उजेडापासून सुरक्षित राही, आणि होल्डर उतरवून पुन्हां दुधी कांचेवर पाहतां येई, मधेंच एखादें चित्र कांचेवरही घेतां येई. चोखंदळ छायाचित्रकार दर चित्रास ही उठाठेव करी. त्याचा शेजारी अंतराच्या आंकड्यांवर कांटा ठेवून कळ दाबी. होल्डर दोघांपाशीं एकाच बनावटीचा.