अस्तर

कऱ्हाडजवळच्या एका गावात वाकळा शिवणारी एक आक्का होती. कुणी कापडाचं गाठोडं आणलं, की ती वरचे रंगीत तुकडे बाजूला सारायची आणि विचारायची, "अस्तराला काय आणलंयस?"

एकदा पाटलीणबाई आल्या. लेकीचं लग्न 8 दिवसांवर, रुखवतात वाकळ मांडायची होती. वरच्या बाजूला इरकली लुगड्यांचे तांबडे पदर, धुऊन धुऊन मऊ झालेले, तरी रंगाला पक्के. असले पदर कापायलाही धीर लागतो. अस्तराला मात्र बाजारातलं कोरं मांजरपाट, खळीनं कडकडणारं आणि मापाला अगदी नेमकं.

आक्कानं ते चिमटीत चोळलं. "दोनदा धुऊन, वाळवून आणा. कोरं कापड हातामागं बोटभर आटतंय. आन् चारी बाजूंनी 4 बोटं जास्त पायजे. शिवताना कापड आत वढलं जातं."

"एवढी सवड कुठाय? मग ही नायलॉनची साडी लावा, ती तरी आटायची नाही."

"आटायची न्हाई, पर घामबी प्यायची न्हाई. वर सुईखाली सरकती ती येगळीच."

"अगं, खालचं बघतंय कोण?"

"बघत कुणीच न्हाई. वरचं लोक घटकाभर बघत्यात. खालचं रातभर अंगाला लागतंय. त्याला हलकं धरलं, तर वरचंबी टिकत न्हाई."

पाटलीणबाईंनी गाठोडं उचललं आणि तेच मांजरपाट लावून वाकळ दुसरीकडून शिवून घेतली. रुखवतात तिचं कौतुक झालं.

त्याच आठवड्यात मजुरीला जाणारी एक बाई आली. लेक बाळंतपणाला आलेली. गाठोड्यात जुनी धोतरं, चिंध्या आणि सासूचं एक धड नऊवारी लुगडं.

"हे वर घ्यायचं न्हवं?"

"न्हाई, खाली. बाळ त्याच्यावर निजंल."

आक्कानं लुगडं उजेडात धरलं. जुनं म्हणून सगळंच चालत नाही; कमरेशी आणि बसायच्या जागी कापड आधी विरतं, आणि विरल्या जागी टाका घातला की चीर पडते. हे सगळीकडून धड होतं. तिनं ते अंगणात ताणून अंथरलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले, मध्ये धोतरांचे थर लावले, वर चिंध्या जुळवल्या आणि कडेकडेनं आत येत धावदोरा घातला. सुई कुठं अडली नाही.

घटस्थापनेआधी घरोघरी अंथरुणं-पांघरुणं धुतली गेली. मजूरबाईची वाकळ कृष्णेच्या पाण्यातून निघाली, उन्हात वाळली आणि संध्याकाळी पुन्हा बाळाखाली गेली. पाटलांची लेक सणाला माहेरी आली ती वाकळ काखेत घेऊनच. सासरी पहिल्या धुण्यातच अस्तर आटलं होतं. पदरांच्या चुण्या पडल्या होत्या आणि जागोजागी टाके तुटले होते. सासू काहीच बोलली नव्हती, हेच लेकीला जास्त लागलं होतं.

पाटलीणबाईंनी वाकळ आक्कापुढे ठेवली. "आता गं?"

"समदी उसवायची. मग पुन्यांदा शिवायची. मजुरी दुप्पट."

पाटलीणबाईंनी मनात हिशेब केला, पदर खोचला आणि ब्लेड मागून घेऊन त्या स्वतःच उसवायला बसल्या. आक्कानं लेकीला घरी पिटाळलं, "जा, आईचं नेसून मऊ झालेलं सुती लुगडं आण. कमरेशी धड हाय का, तेवढं बघून आण."