न खोकणारा गडी

काष्टीचा शनिवार जनावरांचा. दौंड-नगर रस्त्यावरच्या या गावात पहाटेपासून टेम्पो लागतात. श्रीगोंदा, कर्जत, दौंड, शिरूर अशा चहूबाजूंनी बैल, गाई, म्हशी उतरतात आणि दिवस वर येईस्तोवर आवारात पाय ठेवायला जागा उरत नाही. तिथल्या एका दलालाची ही गोष्ट. गोष्टच आहे, त्यामुळे तात्या, त्यांचा गडी आणि डॉक्टर मॅडम यांना गावात शोधायला जाऊ नये. त्यांच्यापुढे ठेवलेली यंत्रं मात्र खरी आहेत.

तात्यांची नजर पंचक्रोशीत नावाजलेली. बैल दहा पावलं लांब असतानाच ते आदत की चार दाती ते सांगत, आणि मग तोंड उघडून दात मोजणाऱ्याला आपलीच जीभ चावावी लागे. माणसांच्या बाबतीतही त्यांना हाच भरवसा. कर्जतकडचा एक पोरगा त्यांनी दोन वर्षांपूर्वी गडी म्हणून ठेवला, तो खांदे बघून. तगडा, अबोल, बैलाला वेसण घालताना एकटा पुरा पडणारा. "ह्याला काय धाड भरलीय?" असं तात्या कौतुकाने म्हणत.

खोकत होते ते तात्याच. आखाडापासून कोरडा, ठसकेदार खोकला. भाव बोलता बोलता ठसका लागे आणि समोरचा तेवढ्यात शंभरने उतरे. तात्या म्हणत, बाजाराची धूळ.

त्या शनिवारी आवाराच्या कडेला आरोग्य खात्याचं शिबिर लागलं होतं. डिसेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने क्षयरोग शोधण्याची 100 दिवसांची मोहीम काढली, तेव्हापासून हातात धरायची एक्स-रे यंत्रं खेड्यापाड्यांत जास्त दिसू लागली आहेत. फोटोवाल्याच्या जाड कॅमेऱ्यासारखा डबा, बॅटरीवर चालणारा. समोर छातीशी धरायची पाटी, बाजूला लॅपटॉप. माणूस पाटीला छाती टेकवून उभा राहतो, श्वास रोखतो, आणि फोटो थेट पडद्यावर येतो. धुवायचं काही नाही, वाळवायचं काही नाही.

खरी कमाल त्याच्या पुढची. त्या फोटोवर संगणक नजर फिरवतो आणि मिनिटभरात सांगतो की या छातीत क्षयाचा संशय किती. संशयाच्या जागी रंगाचा डाग उमटवतो आणि एक आकडा देतो. अशा प्रणाली जगात अनेक कंपन्यांनी केल्या आहेत, आपल्याकडे मुंबईच्या क्युअर डॉट एआयची त्यांतली एक नावाजलेली. लाखो एक्स-रे दाखवून दाखवून संगणकाला हे शिकवलेलं असतं. क्षय हुडकण्याच्या पहिल्या चाळणीत, 15 वर्षांवरच्या माणसांसाठी, तज्ज्ञाऐवजी अशी प्रणाली एक्स-रे वाचू शकते असं जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्य केलं. याचं मोल शहरात बसून कळायचं नाही. एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ गावोगाव नसतो. फोटो मोठ्या गावी पाठवा, अहवालाची वाट बघा, आणि तो येईतो माणूस कोयता घेऊन भलत्याच कारखान्याच्या फडात गेलेला.

आशाताईने तात्यांना दंडाला धरून आणलं. "तात्या, तीन म्हैने झालं खोकताय. चला."

"पोरी, यंत्राला काय कळतंय? अन् मी एकटा न्हाय यायचा. ह्या पोराचाबी काढ फोटू, म्हंजे तुझं यंत्र किती शाणं ते कळंल. ह्यो धडधाकट, मी खोकणारा."

दोघांचे फोटो निघाले. तात्यांच्या छातीवर एकही डाग नाही, आकडा अगदी खाली. गड्याच्या फोटोत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला रंग पेटला होता आणि आकडा बराच वर होता.

भोवतीची माणसं खो खो हसली. खोकतंय कोण आणि यंत्र धरतंय कुणाला! तात्यांना तर हवाच होता तो क्षण. "बघा, सांगितलं व्हतं."

हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. देशभर 2019 ते 2021 या काळात क्षयाची मोठी पाहणी झाली. त्यात जे रुग्ण सापडले, त्यांतल्या 42.6 टक्के लोकांना विचारण्याजोगं एकही लक्षण नव्हतं. एक्स-रे काढला नसता तर ते निसटले असते. खोकला असेल त्यालाच तपासायचं, या हिशेबाने आपण किती वर्षं चाललो होतो!

मॅडमनी गड्याचा बेडका तपासायला पाठवला. यंत्राने बोट दाखवलं म्हणजे क्षय ठरत नाही. जुन्या, बऱ्या झालेल्या जखमेचा वणही त्याला कधी कधी संशयास्पद दिसतो. जंतू आहे की नाही हे बेडक्यातच कळायचं, आणि ते सांगणारं ट्रूनॅट नावाचं छोटं यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं. अहवाल आला. पोराला क्षय होता.

इथे तात्या एका झटक्यात पालटले. सकाळी यंत्राला हसणारा माणूस आता यंत्राचा भक्त झाला. मॅडम त्यांना म्हणाल्या, "तात्या, तुमचाही बेडका द्या. आणि बसा, मला काही विचारायचंय."

"आता कशाला? यंत्रानं सांगितलं की छाती साफ. त्याला पोराचं आतलं दिसलं, माझं दिसलं नसतं व्हय?"

हा दुसरा भाबडेपणा मला पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो शिकल्यासवरल्यांतही सर्रास सापडतो. आकडा किती वर गेला की संशय धरायचा, ही रेघ यंत्र स्वतः आखत नाही. ती माणसं ठरवतात. रेघ खाली आणली तर निरोग्यांचेही बेडके तपासावे लागतात आणि खर्च वाढतो, वर नेली तर आजारी निसटतात. शिवाय या प्रणालीला प्रश्न एकच घातलेला असतो, क्षयासारखं काही दिसतंय का. तात्या का खोकतात, हे तिला कुणी विचारलेलंच नव्हतं.

मॅडमनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "तात्या, बैलाचे नुसते दात बघून सौदा करता?"

"येडा हाय का मी? दातानं वय कळतं. बैल चालवून बघतो, खांदा दाबून बघतो, जुंपून बघतो. मालक काय लपवतोय त्येबी बघतो."

"मग बसा. अजून मी तुमचे दातच बघितलेत."

तात्या बसले. खोकला रात्री जास्त की दिवसा? रात्री. बेडका पडतो? न्हाय, नुसती खवखव. ताप? न्हाय. विडी? कधीच न्हाय, तंबाखू तेवढी. वजन? हाय तेवढंच. कुठली गोळी चालू आहे? यावर तात्या जरा घुटमळले. मग बंडीच्या आतल्या खिशातून, नोटांच्या घडीआडून, घामाने मऊ पडलेली एक पट्टी निघाली. रक्तदाबाची. कधीपासून घेता? जत्रा झाली, त्याच्या मागल्या महिन्यापासून. मॅडमनी पट्टी उलटी करून चांदीवरची बारीक अक्षरं उन्हाकडे धरून वाचली. रॅमिप्रिल.

या जातीच्या गोळ्या रक्तदाबाला उत्तम, पण काही लोकांना त्यांनी कोरडा खोकला लागतो आणि गोळी चालू आहे तोवर तो हटत नाही. डॉक्टरकीच्या पुस्तकात हे जुनंच आहे. फक्त विचारावं लागतं. मॅडमनी बजावलं, की गोळी सोडायची नाही, बदलायची, आणि दुसऱ्या जातीची लिहून दिली. दोन आठवड्यांवरचा खोकला म्हणजे बेडका तपासायचाच, या नियमाने तात्यांचाही बेडका गेला. जंतू निघाले नाहीत. महिना सरायच्या आत खोकला गेला आणि तात्यांचा भाव पुन्हा जाग्यावर आला.

गड्याचं एवढं सोपं नव्हतं. सहा महिन्यांचं औषध, पहिले दोन महिने चार औषधं, नंतर तीन. क्षयरुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नाव चढलं, खुराकासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यावर येणार असं ठरलं. पण पहिल्याच आठवड्यात पोरगा रडत आशाताईकडे आला, लघवी लाल-केशरी होतेय म्हणून. त्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाचा तो रंग, घाबरू नको, असं कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. संगणकाने हे सांगितलं नव्हतं, आणि माणसांनीही सांगितलं नव्हतं.

आणि तात्यांनी? त्यांनी अहवाल आला त्याच संध्याकाळी पोराचा तांब्या आणि ताटली वेगळी केली, झोपायला गोठ्यामागच्या कोंदट खोलीत पाठवला. वाईट हेतूने नव्हे, घरात नातवंडं होती. शेजारच्या व्यापाऱ्याने तर गड्याला गावी लावून द्या असाच सल्ला दिला. मॅडम बाजारात आल्या तेव्हा हे त्यांच्या कानावर गेलं.

"तात्या, हा रोग ताटलीतून येत नाही, हवेतून येतो. तांब्या एकच राहू द्या. खोली बदला. ओट्यावर मोकळ्या हवेत झोपू दे त्याला, आणि सुरुवातीला तोंडाला रुमाल. औषध लागू पडलं की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण्याची भीती बहुतेक सरते. आणि तुमच्या घरातल्या सगळ्यांचे फोटो काढायचे राहिलेत, नातवंडांना तपासायचंय. ते सोडून तुम्ही भांडी मोजताय."

तात्यांनी पोराला ठेवून घेतला. औषधाची गोळी रोज सकाळी त्याच्या हातावर पडते की नाही हे ते स्वतः बघू लागले. दोन वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेला माणूस आपल्याला दिसला नाही, ही खंत त्यांनी बोलून दाखवली नाही. पण बाजारात आता ते बैलांइतकंच माणसांकडेही बघतात.

शिबिर पुन्हा लागलं तेव्हा तात्या एका कडबेवाल्यापुढे जाऊन उभे राहिले. माणूस चांगला हसतखेळत पेंढ्या मोजत होता.

"तुझ्या पट्ट्याला दोन नवी भोकं पडल्यात दिवाळीपास्नं. चल, फोटू काढू."

"तात्या, खोकला न्हाय, ताप न्हाय. धंद्याचा टाइम हाय. ऱ्हाऊ द्या."

तात्यांनी खांद्यावरचं उपरणं त्याच्या हातावर टाकलं आणि बैलाचा भाव करतात तशी खालून त्याची दोन बोटं दाबली.

"दोन तास?" कडबेवाला दचकला.

"दोन मिन्टं. अन् मंग मॅडम इचारतील त्येची उत्तरं खरी द्यायची."

कडबेवाल्याने पोराला पेंढ्यांवर बसवलं, टोपी सारखी केली आणि निघाला. "अन् तात्या, तुमची दलाली?"

"ती मी मॅडमकडनं घेतो. तू श्वास रोखायची सवय कर."